यंत्रापाशी उभी असलेली परिचारिका



आजच्या विषयाचे नाव चारचौघांत मोठ्याने घेतले जात नाही, म्हणून आधी तेच घेतो. बायकांच्या अंगावरून फार जाणे, आणि त्यावर गर्भाशयाचे आतले अस्तर यंत्राने जाळून टाकण्याचा उपाय, यांविषयी मी बोलणार आहे. इंग्रजी वैद्यकात या उपायाला एंडोमेट्रियल अॅब्लेशन म्हणतात. मी वैद्य नाही. रुग्णालयांतील कामगारांच्या संघटनेचे काम मी करतो, आणि माझे शिक्षण रात्रशाळा व सार्वजनिक वाचनालय या दोन ठिकाणी झाले. तेव्हा शस्त्रवैद्याच्या कौशल्याचे वर्णन माझ्याकडून अपेक्षू नये. ते करणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते त्या परिचारिकेविषयी, जी ऑपरेशनच्या आधी यंत्राची मांडणी करते आणि ऑपरेशन चालू असता त्याचे आकडे वाचते. तिला हे काम शिकवले कोणी, हा माझा आजचा प्रश्न आहे.

प्रथम शरीराची गोष्ट थोडक्यात. गर्भाशयाचे अस्तर दर महिन्याला सुटते आणि पुन्हा तयार होते. सुटतो तो वरचा थर. तळाचा थर जागच्या जागी राहतो. ऊस तोडला तरी बुडख्यातून खोडवा फुटतो, तसेच हे आहे. म्हणून जुने डॉक्टर क्युरेटिंग करून अस्तर खरवडीत, तेव्हा चार दिवस बरे वाटे आणि पुढे पुन्हा तेच. त्यानंतरचा मार्ग म्हणजे सबंध पिशवीच काढून टाकणे. या दोहोंच्या मधला मार्ग असा, की पिशवी राहू द्यायची आणि अस्तर तेवढे मुळासकट नष्ट करायचे. त्यासाठी चार ते सहा मिलिमीटर खोल जावे लागते. कमी गेले तर खोडवा फुटतो. जास्त गेले तर भिंतीपलीकडे आतडी आहेत. ज्या बाईला पुढे मूल हवे आहे तिच्यासाठी हा उपाय नाही, आणि आधी कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी लागते. म्हणजे सारा खेळ काही मिलिमीटरांचा आणि काही मिनिटांचा, आणि ते मोजणारे यंत्र दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताने लावलेले.

या कल्पनेचा आरंभ जुना आहे. जर्मनीत बार्डनहॉयर नावाच्या डॉक्टरने १९३७ साली विजेच्या उष्णतेने हे अस्तर भाजून पाहिले. आत दिसत काहीच नव्हते, सारे अंदाजाने. १९६७ साली अमेरिकेत कॅहन आणि ब्रॉकुनियर यांनी उलट वाट धरली आणि गोठवून पाहिले. दोन्ही प्रयोग फार पसरले नाहीत. खरी सुरुवात झाली ती १९८१ साली डेट्रॉइट शहरात. गोल्डरॅथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून गर्भाशयाच्या आत पाहत लेझर किरणांनी अस्तर जाळले. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. अमेरिकेतील मोटार कामगारांची मोठी युनियन १९३५ साली तिथेच स्थापन झाली. ज्या गावाने सांध्यासांध्याची जोडणी साऱ्या जगाला शिकवली, त्याच गावातून हे जोडणीचे ऑपरेशन निघावे, याची मला गंमत वाटते.

जोडणीचे म्हणतो ते उगाच नव्हे. लेझरची तार फार तापते, म्हणून शरीराच्या इतर भागांत काम करताना तिच्या भोवतीच्या नळीतून वायू सोडून ती थंड ठेवीत. गर्भाशयातील शिरा मात्र त्या वेळी उघड्या पडलेल्या असतात. वायू दाबाने आत गेला की तो शिरांतून थेट हृदयाकडे धावतो. १९८९ साली बॅगिश आणि डॅनिअल या दोघा डॉक्टरांनी अशा भयंकर अपघातांची पाच प्रकरणे छापून प्रसिद्ध केली. त्यांत बायका दगावल्या होत्या. हात चुकला म्हणून हे झाले नाही. लेझरही बरोबर चालत होते. चूक होती ती तारेच्या थंडाव्यासाठी वायू जोडण्याची. पाणी जोडायला हवे होते. आता शस्त्रवैद्याची नजर दुर्बिणीत असते. नळ्या आणि सिलिंडर यांच्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना गर्भाशय आणि फुप्फुस यांतला हा फरक सांगितलेला असला, तर कोणी तरी तोंड उघडण्याचा संभव असतो. न सांगितलेला माणूस नळी तिच्या तोटीला बसते की नाही एवढेच पाहतो.

लेझर महाग होते. म्हणून १९८३ साली डी-चर्नी आणि पोलन यांनी पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या ऑपरेशनचे हत्यार इकडे आणले. विजेच्या तारेचा फास किंवा पुढे आलेला लाटण्यासारखा फिरणारा गोळा, आणि समोर सतत वाहणारे द्रव. या द्रवाच्या हिशेबापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण परिचारिकेच्या कौशल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

साध्या मिठाच्या पाण्यातून वीज वाहून जाते, म्हणून त्या हत्यारासाठी ग्लायसिनचे पाणी वापरीत. गर्भाशय फुगवायला ते दाबाने आत सोडायचे. त्यातले काही उघड्या शिरांतून रक्तात शिरते आणि रक्तातले सोडियम पातळ करते. मर्यादेबाहेर गेले तर मेंदूला सूज येते. बाई शुद्धीवर येत नाही, किंवा कधीच येत नाही. पुढे साधारण एक लिटर ही मर्यादा मानली गेली: आत सोडलेले आणि बाहेर आलेले यांत एक लिटरचा फरक पडला की काम थांबवायचे. तो फरक काढायचा कोणी? सिस्टरने. तीन लिटरच्या पिशवीत कारखान्यातून थोडे जास्तच भरलेले येते. बाहेर आलेल्यापैकी काही बाटलीत, काही कापडात, काही जमिनीवर, काही डॉक्टरांच्या बुटात. या सगळ्याचा मेळ दर काही मिनिटांनी घालून तिने आकडा मोठ्याने सांगायचा. साडेसातशे झाले साहेब. नऊशे झाले. आणि हजारावर थांबा म्हणायचे, ज्याने तिचा गोपनीय अहवाल लिहायचा त्यालाच. दुकानाचा गल्ला मोजणाऱ्या कारकुनाला आपण विश्वासाचा माणूस म्हणतो. नंतर दोन ध्रुवांच्या विजेची हत्यारे आली, ती मिठाच्या पाण्यात चालतात, आणि धडधाकट बाईसाठी मर्यादा अडीच लिटरपर्यंत गेली. आता पाणी तोलणारी यंत्रेही आली आहेत. पण तोललेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की जमिनीवरचे तळे पाहायचे, हे यंत्र सांगत नाही.

ब्रिटनमध्ये १९९३-९४ साली अशा ऑपरेशनांची राष्ट्रव्यापी पाहणी झाली आणि ती १९९७ साली छापली गेली. दहा हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद त्यात आहे. नुसत्या फासाने कापण्यात अपघात अधिक, लेझर व गोळा यांत कमी, असे तिच्यात आढळले. यावरून सुधारणा दोन प्रकारे करता आली असती: माणसे शिकवून, किंवा माणसाचे काम यंत्रात घालून. कारखानदाराला दुसरा मार्ग जवळचा वाटणे साहजिक आहे.

त्यातून पुढची पिढी निघाली. न्यूयॉर्कच्या न्यूवर्थ यांनी १९९४ साली रबरी फुग्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९९७ च्या डिसेंबरात अमेरिकी सरकारच्या खात्याने तिला मान्यता दिली. फुगा आत घालायचा, त्यात द्रव भरायचा, दाब १६० ते १८० मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवायचा, ८७ अंश सेल्सिअस तापमान आणि आठ मिनिटे वेळ. २००१ साली तीन यंत्रे आली: एक कढत पाण्याचे, एक गोठवणारे, आणि एक सोन्याचा मुलामा दिलेल्या जाळीचे. जाळीचे यंत्र साधारण दीड मिनिटात काम संपवते. दोन मिनिटांवर ते स्वतःच थांबते. डॉक्टरचे हात पूर्वी अर्धा तास राबत, ते आता दीड मिनिट राबतात. गिरणीत ऑटोमॅटिक माग आले तेव्हा विणकराचे झाले, तेच इथे शस्त्रवैद्याचे झाले, फक्त त्याचा पगार घटला नाही. आणि राहिलेले कौशल्य गेले कोठे? मांडणीत. सिस्टरकडे.

या जाळीच्या यंत्राचेच पाहा. गर्भाशयाच्या आतली लांबी आणि रुंदी सेंटिमीटरांत भरायची. यंत्र त्यांचा गुणाकार करून त्याला साडेपाचने गुणते आणि तितके वॉट सोडते. लांबी पाच, रुंदी चार असेल तर ११० वॉट. ऐकण्यात चूक होऊन चारच्या जागी पाच भरले, तर १३७ च्या वर. सव्वापट. पातळ भिंतीला हा फरक लहान नव्हे. काम सुरू होण्यापूर्वी यंत्र आत कार्बन डायॉक्साइड सोडून गळती पाहते. गळती असली तर ते चालू होत नाही. पण गळती ही तोंडाशी जोड सैल बसल्याने असेल, किंवा भिंतीला भोक पडल्याने असेल. पहिल्या बाबतीत जोड घट्ट करायचा. दुसऱ्या बाबतीत सारे सोडून बाईचे प्राण पाहायचे. घाई झालेल्या डॉक्टरला पहिलेच कारण हवे असते. त्या क्षणी बटणापाशी कोण आहे आणि तिला काय शिकवले आहे, यावर पुढचे ठरते.

हे शिकवतो कोण? बहुतेक ठिकाणी यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस. तो एका दुपारी येतो, खोके उघडतो, चांगले बोलतो, चहा पाजतो. जी सिस्टर त्या दिवशी रात्रपाळीला असते तिला दुसरी सिस्टर सांगते, तिला तिसरी. कंपनीचा माणूस वाईट असतो असे मी म्हणत नाही. यंत्राची माहिती त्यालाच असते. पण यंत्र कसे चालते हे तो सांगतो. केव्हा चालवू नये हे सांगण्यात त्याला रस कमी. आणि यंत्र बाजारातून उठले की ती विद्याही उठते. तो आठ मिनिटांचा फुगा २०१० नंतरच्या दशकात विक्रीतून गेला. तो लावण्यात हात बसलेल्या किती तरी जणी पुन्हा शिकाऊ झाल्या.

एका चौकशीत मी एका परिचारिकेचा प्रतिनिधी होतो. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. विजेच्या हत्याराची जी पट्टी रुग्णाच्या मांडीला चिकटवतात, ती एका कडेने उचलली गेली आणि त्वचा भाजली. पट्टी कोरड्या, केस काढलेल्या जागी पूर्ण टेकली पाहिजे, नाही तर वीज एका कोपऱ्यात गोळा होते. हे तिला माहीत असायला हवे होते, असे आरोपपत्रात होते. मी विचारले, तिला हे कोणी, कोणत्या तारखेला शिकवले? नोंद निघाली नाही. यंत्राची माहितीपुस्तिका निघाली, ती भांडारात, खोक्यासकट, कुलपात. शिक्षा रद्द झाली. शिकवणी मात्र त्यानंतरही सुरू झाली नाही.

दुसरी रीत असू शकते, हे इंग्लंडच्या उदाहरणावरून दिसते. तिथे पूर्वी नेहमीच्या कामाबाहेरचे एखादे काम परिचारिकेने करायचे तर त्या त्या कामाचे डॉक्टरच्या सहीचे प्रशस्तिपत्र लागे. १९९२ साली तिथल्या परिचारिकांच्या परिषदेने हा दाखला-राज मोडला आणि म्हटले, की आपली पात्रता तपासून काम वाढवण्याची जबाबदारी परिचारिकेची स्वतःची. यात मान आहे आणि धोकाही आहे. जबाबदारी कागदावर आली की दोषही कागदावर येतो. पण त्याच्या पाठोपाठ या शतकाच्या आरंभी ब्रॅडफर्ड विद्यापीठात परिचारिकांना गर्भाशयाची दुर्बीण स्वतः चालवण्याचे शिक्षण रीतसर देऊ लागले. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. १८९०-९१ च्या मॅनिंगहॅम गिरणीच्या संपानंतर १८९३ साली तिथेच स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. २००४ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नवी वेतनरचना आली. तिच्यात कामासाठी लागणारे ज्ञान आणि जबाबदारी मोजून वेतनाची पायरी ठरते. ती रचना निर्दोष नाही. पण ज्ञान मोजायचे ठरले, की ते कोठून आले हे विचारावेच लागते.

तिथे यातली पुष्कळ ऑपरेशने आता भूल न देता, बाई जागी असताना बाह्यरुग्ण विभागात करतात. अशा वेळी एक परिचारिका फक्त तिच्या उशाशी बसून बोलते. त्या कामाला तिथे गमतीने शब्दांची भूल म्हणतात. तरीही वेदना होतात, आणि त्या पुरेशा सांगितल्या जात नाहीत अशी तिथल्या स्त्रियांची तक्रार आहे. थांबा, असे बाईने म्हटले की थांबायचे, हाही शिकवण्याचाच भाग आहे.

आता आपल्याकडे. मराठीत पाळी म्हणजे कामगाराची शिफ्ट, आणि पाळी म्हणजे बाईचा महिना. ऊसतोडीच्या फडात हे दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळतात. एक दिवस खाडा झाला की मुकादम उचलीतून पैसे कापतो. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरांत सोळा-सतरा. या सगळ्यांना अस्तर जाळण्याचा उपाय लागू पडला असता असे मुळीच नाही. पुष्कळजणींना गोळ्या, विश्रांती आणि फडाजवळ संडास एवढेच पुरले असते. पण ज्यांना खरोखर अंगावरून फार जात होते, त्यांच्यापुढे मधला मार्ग ठेवलाच गेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्यास राज्यांना सांगितले.

तत्त्वे स्वीकारता येतात. उपजिल्हा रुग्णालयात मात्र यंत्र लागेल, दर वेळी टाकून द्यायचा त्याचा महाग भाग लागेल, आणि ते लावणारी शिकलेली परिचारिका लागेल, एक नव्हे, बदली आणि रजा धरून तीन-चार. आमच्या संघटनेने आपल्या मागणीपत्रात एक कलम घातले आहे: प्रत्येक यंत्रापाशी एक वही असावी, तीत कोणाला, कोणी, किती तास शिकवले, तिने किती वेळा देखरेखीखाली स्वतः मांडणी केली, याची सहीनिशी नोंद असावी, आणि नोंद नसलेल्या परिचारिकेला त्या यंत्रापाशी उभे करू नये. महागाई भत्त्याच्या कलमावर व्यवस्थापनाशी आमच्या चार बैठका झाल्या. वहीच्या कलमावर पहिली बैठक अजून व्हायची आहे.