मोठ्या माशाचे नाव आणि गाव

वाचकहो, आमच्या माळशिरस तालुक्याला दोन नद्यांची सोबत आहे. उत्तरेच्या अंगाला नीरा, पूर्वेच्या अंगाला भीमा. त्यामुळे मासा आम्हांला नवा नाही. तरीसुद्धा दोन वर्षांपूर्वी एका शाळेत व्याख्यानाला गेलो असता एका माशाने मला पेचात टाकले.

मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन फूट लांबीची काचेची पेटी होती. तीत करड्या रंगाचा, बिनखवल्यांचा, चांगला दीड फूट लांब मासा होता. त्या बिचाऱ्याला धड वळताही येत नव्हते. गुरुजी म्हणाले, “पुण्याहून आणला तेव्हा बोटाएवढा होता हो! दुकानदाराने शार्क म्हणून दिला.” एवढ्यात सातवीतली एक मुलगी पुढे झाली. “सर, ह्याला आता जागा पुरत नाही. रविवारी आम्ही ह्याला नीरेत सोडून देऊ का?”

प्रश्न दयेपोटी आलेला होता. ‘सोडा की’ असे माझ्या ओठांवर आलेही होते. पण मी इतिहासाचा शिक्षक. पाहुण्याचे नाव-गाव विचारल्याशिवाय त्याला कुठे पोचवायचे ते कसे ठरवणार? मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि शोधाला लागलो. त्या शोधात जे हाती लागले तेच आज सांगतो.

मासे ओळखण्याची विद्या आपल्याकडे पुरातन आहे. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणच्या, चालुक्य राजांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील मत्स्यविनोदाच्या प्रकरणात सुमारे 35 जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्रातला कोणता, नदीतला कोणता, खवल्यांचा कोणता, बिनखवल्यांचा कोणता, कोणाला कोणते खाद्य आवडते, असा सगळा तपशील तेथे आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली त्यावर सविस्तर लेख लिहिला. राजाचा हेतू गळ टाकण्याचा होता हे खरे. पण माशाचे नाव आणि त्याचे पाणी ही दोन्ही एकत्र सांगावीत, एवढी जाण त्या काळी होती.

यानंतर आपण एकदम इंग्रजी अमदानीत येऊ. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी 1824 पासून 1831 पर्यंत दख्खनची पाहणी करीत होता. भीमेच्या खोऱ्यातील मासे त्याने जमवले, त्यांची चित्रे काढवून घेतली आणि 1839 साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. गंमत अशी की, नावे देताना त्याने पुष्कळदा आपल्या लोकांच्या तोंडचे शब्दच उचलले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला शिंगाळा आणि खुद्री, इंद्रायणीतला डोक्यावर टेंगूळ असलेला नुक्ता, शिरूरजवळच्या घोड नदीतला मुसुल्ला. आपल्या नदीकाठच्या माणसांचे हे शब्द आज जगभरच्या शास्त्रग्रंथांत थोड्या बदललेल्या उच्चाराने नांदत आहेत. शिक्षक बंधुभगिनींनो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्यांच्या आजोबा-पणजोबांची बोली शास्त्राच्या पुस्तकात गेली आहे!

परंतु नाव चुकीच्या माशाला चिकटले तर काय होते, तेही याच मुसुल्ल्याच्या कहाणीत दिसते. दक्षिणेत कावेरी नदीत पाठीला उंच मदार असलेला एक प्रचंड महसीर आहे. 1946 साली कावेरीच्या काबिनी या उपनदीत गळाला लागलेला महसीर 120 पौंडांचा भरला होता. या मदारवाल्या माशाला पुष्कळ वर्षे मुसुल्ला हेच नाव लावले जात असे. वास्तविक घोड नदीतला मुसुल्ला वेगळ्याच कुळातला. म्हणजे कावेरीच्या राजाला स्वतःचे नावच नव्हते. तो आपल्या शिरूरच्या माशाच्या नावावर जगत होता. केरळातील पांबार या कावेरीच्याच उपनदीतून 2007 साली ‘रेमादेवी’ नावाने वर्णिलेला महसीर आणि हा मदारवाला एकच, हे अखेर 2018 साली सिद्ध झाले. त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत गेला.

आता याचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध पाहा. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर 1970 नंतर डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्री महसीराची कृत्रिम पैदास यशस्वी केली. काम मोठेच होते. धरणांमुळे आणि बेसुमार मासेमारीमुळे घटलेल्या जातीला त्याने आधार मिळाला. पुढे हे बीज निरनिराळ्या राज्यांत गेले आणि कावेरीतही सोडले गेले. हेतू चांगलाच होता. महसीर कमी झाले आहेत, महसीर आणून सोडू, असा सरळ हिशेब होता. पण खुद्री हा कावेरीचा मूळ रहिवासी नव्हे, असे अभ्यासक सांगतात. तो तेथे फोफावला आणि मदारवाला मागे हटत गेला. वाळूउपसा, धरणे, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणेही होतीच. परंतु परक्या भावंडाची गर्दी हे त्यांतले एक मोठे कारण मानले जाते. ज्याला नीट नाव नाही, त्याची मोजदाद नाही. आणि ज्याची मोजदाद नाही, तो कमी झाला हे कळणार तरी कसे?

काचेच्या पेटीचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस या निसर्ग-अभ्यासकाच्या पुस्तकाने घरोघरी पेटी ठेवण्याची हौस पसरवली. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले, आणि सहलीला गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी काचेआडचा मासा प्रथम तेथेच पाहिला.

त्याआधी आपले लोक मोठा मासा पाळत नव्हते काय? पाळत होते, पण डोहात! महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. तेथे वरदायिनी देवीचे मासे म्हणून महसीरांना कोणी धरत नाही. लोक कुरमुरे टाकतात, मासे वर येतात. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेतही तसाच रिवाज आहे. वाहते पाणी, खोल जागा आणि नदीचाच मासा नदीत. मोठा मासा पाळण्याची याहून चांगली रीत मला तरी दिसत नाही.

आता शाळेतल्या त्या ‘शार्क’कडे वळू. तो शार्क नव्हताच. तो पंगस. त्याचे गाव मेकाँग आणि चाओ फ्राया, म्हणजे व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस आणि थायलंडमधल्या मोठ्या नद्या. लहानपणी अंगावर काळे-रुपेरी पट्टे असतात म्हणून तो दुकानात शोभतो. पुरा वाढला तर सव्वा मीटरच्या पुढे जातो. वजन 44 किलोपर्यंत नोंदले गेले आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत पाणी मावते जेमतेम 55 लिटर. तेवढ्यात तो स्वतःच्याच घाणीत राहतो, कारण माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि थोड्या पाण्यात तो लवकर साठतो. मासा पेटीच्या मापाने वाढतो अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. तो पेटीच्या मापाने वाढत नाही, खुरटतो.

मासा घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. अंगावर खवले आहेत की नाहीत? मिशा किती? तोंड कुठवर फाटलेले आहे? महसीराला मोठे जाड खवले आणि मिशांच्या दोन जोड्या असतात. शिंगाळ्याला खवले नाहीत, मिशांच्या चार जोड्या आणि पाठीवरच्या मागच्या मांसल परावर काळा ठिपका. शिवड्यालाही खवले नाहीत, पण जबडा डोळ्याच्याही मागे जातो. सोबतचे मासे तो गिळणारच. यांतला एकही घरच्या पेटीचा नव्हे. वर्गात ठेवायचेच असतील तर ओढ्यातल्या खवल्या, दांडवण ठेवा. आठवडाभर निरीक्षण करा आणि जेथून आणले तेथेच परत सोडा. दुकानातला मासा मात्र नदीत, कालव्यात, विहिरीत कधीच सोडू नये.

आठ दिवसांनी मी शाळेत गेलो आणि मुलांना ही सगळी हकिकत सांगितली. ती मुलगी म्हणाली, “म्हणजे सर, तो नीरेचा पाहुणासुद्धा नाही.” मी म्हटले, “नाही बाळ. आणि नीरेच्या माशांना आपण विचारलेलेही नाही.” शेवटी पंगसच पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या बांधबंदिस्त शेततळ्यात तो गेला. नेताना मुलांनी बादलीला ओले पोते गुंडाळले होते.

पेटी आता दांडवणांची आहे. तिच्यावर मुलांनी चिठ्ठी डकवली आहे: नाव दांडवण, गाव आपला ओढा.