तळटीप २३ : मोडी पत्रांच्या प्रतिमा

२३. ‘मूळ पत्राची प्रतिमा संकेतस्थळावर पाहावी’ असे लेखकाने येथे म्हटले आहे. ही पत्रे दिल्लीत पहाडगंजला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने जपलेली, सगळी मोडीत. नोएडात आम्ही ती ६०० डीपीआयला स्कॅन केली. ए-४ आकाराचे एक पान त्यामुळे ४९६० × ७०१६ पिक्सेलचे झाले, म्हणजे रंगीत, न दाबलेल्या टिफ फाइलमध्ये सुमारे १०४ एमबी. संकेतस्थळावर चढवताना पहिल्याच पानाला सर्व्हरने ‘४१३’ क्रमांकाचा, म्हणजे ‘फाइल फार मोठी’ असा, नकार दिला. फाइल स्वीकारणारे क्लाउडवरचे फंक्शन (छोटा प्रोग्रॅम) एका खेपेत ठरावीक ओझेच घेते; एडब्ल्यूएस लॅम्डात, उदाहरणार्थ, ६ एमबी. त्यातही चित्र बेस-६४ रूपात पाठवले की ते एक तृतीयांशाने फुगते, म्हणून हाती उरतात जेमतेम साडेचार.

प्रतिमा लहान करणे आम्हाला मान्य नव्हते. मोडीत लेखणी फारशी न उचलता लिहितात. अक्षरांमधली केसाएवढी जोडरेघ पुसली गेली तर शब्दच वेगळा वाचला जातो. म्हणून फंक्शनकडून फक्त काही मिनिटांपुरता सही केलेला दुवा घ्यायचा आणि फाइल ब्राउझरमधून थेट साठवणीत पाठवायची, असे ठरवले. एडब्ल्यूएसच्या एस-३ या साठवणीत मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी चढवता येते. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा लागतो. मध्येच वीज गेली, तर राहिलेले तुकडे तेवढे पुन्हा पाठवायचे. वाचकाला दिसते ती हलकी जेपेग प्रत आहे. अभ्यासकांना मूळ टिफ मागितल्यास देतो. — संपा.