वैद्यविद्यार्थ्यांच्या पाठक्रमांतील अन्नविचार

वैद्यकाच्या विद्यार्थ्यास आहाराचें ज्ञान केव्हां व किती द्यावें, हा प्रश्न अगदीं नवीन समजला जातो. जुन्या ग्रंथांची अध्यायरचना पाहिली असतां तसें दिसत नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चार-चार अध्यायांचीं सात चतुष्कें असून त्यांतील सातवें अन्नपानाचें आहे. त्यांत शूकधान्य, शमीधान्य यांपासून कृतान्न व आहारयोगी द्रव्यांपर्यंत बारा वर्ग वर्णिले आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयाची रचना तर अधिक बोलकी आहे. पाणी, दूध, तेल इत्यादि द्रवद्रव्यें पांचव्या अध्यायांत, धान्यें, भाज्या व शिजविलेलें अन्न सहाव्यांत, विषान्नाची परीक्षा व विरुद्धाहार सातव्यांत, आणि आहाराची मात्रा आठव्यांत येते. दोषांचा सविस्तर विचार अकराव्यापासून, आणि ज्वराचें निदान तर पुढील स्थानांत. ग्रंथ आरंभापासून मुखोद्गत करणारा शिष्य तापाचीं लक्षणें शिकण्यापूर्वींच भात, मूग व ताक यांचे गुणदोष शिकलेला असे. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पेयास द्यावा व एक वायूकरितां मोकळा ठेवावा, हा हिशेब त्यास तेव्हांच ठाऊक होई.

एवढ्यावरून प्राचीनांस जीवनसत्त्वें माहीत होतीं असें म्हणणारे कांहीं अभिमानी आहेत. त्यांस ग्रंथांत आधार नाहीं. तेथील वर्णन रस, वीर्य व विपाक यांवर उभें आहे. लक्षांत घ्यावयाचा तो क्रम.

सरकारी शिक्षणांत हा क्रम १८३५ मध्यें तुटला. त्या वर्षीं कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजांतील वैद्यकाचा वर्ग बंद होऊन तेथें मेडिकल कॉलेज निघालें. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्यें सुरू झालें. लाभ लहान नव्हता. त्याच जुन्या वर्गाचे अध्यापक मधुसूदन गुप्त यांनीं १८३६ मध्यें नव्या कॉलेजांत शवच्छेद केला. परंतु शारीर, रसायन व औषधिविज्ञान यांच्या पंक्तींत आहारास स्वतंत्र पान मिळालें नाहीं. युरोपीय वैद्यकास हा विषय अपरिचित होता असेंहि नव्हे; जेम्स लिंड यानें १७४७ मध्येंच संत्रीं व लिंबें देऊन खलाशांचा स्कर्व्ही बरा केला होता. तरी पुढें जंतुशास्त्राचा उदय झाल्यावर बेरीबेरीचें कारणहि जंतूंतच शोधलें गेलें. त्याच शोधासाठीं जावांत गेलेल्या आइकमान यास सडीक तांदळावरील कोंबड्यांनीं निराळी दिशा दाखविली.

इकडे डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० मध्यें अष्टांगहृदय मुंबईस छापून प्रसिद्ध केलें. म्हणजे ग्रंथ सुलभ झाला, पण डॉक्टरी पाठक्रमाच्या बाहेर.

हिंदुस्थानांत आहाराचें प्रयोगशास्त्र १९१८ मध्यें कुन्नूर येथें मॅक्कॅरिसन यांच्या बेरीबेरीच्या चौकशीनें सुरू झालें. निरनिराळ्या प्रांतांचे आहार त्यांनीं उंदरांस घालून पाहिले; गहूं, दूध, डाळ व भाजी यांवरील उंदीर सुदृढ निघाले, सडीक तांदळाच्या आहारावरील निकृष्ट. ही संस्था १९५८ मध्यें हैदराबादेस गेली. वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र २०१९ पासून लागू झालेल्या पाठक्रमांतहि आहार हा जीवरसायन, बालरोग व समाजवैद्यक यांत वांटलेला आढळतो.