पितळेच्या शहराचा चमकणारा पत्ता

'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली अमेरिकेत आला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा पहिला पुरवणी संच निघाला, 'अरेबियन नाइट्स'. अलिफ लैलातले अलादीन, अलीबाबा, शहरजाद सगळे त्यात पत्त्यांवर उतरले. त्यातला एक पत्ता 'सिटी ऑफ ब्रास'. २००१ च्या सातव्या आवृत्तीत तो चकाकत्या धातूचा पापुद्रा दिलेल्या 'फॉइल' रूपातही आला. साध्या पत्त्याची किनार पांढरी, फॉइलची काळी. संग्राहक शोधतात तो हा काळ्या किनारीचा.

मला मात्र ओढ लागली ती त्याच्या नावाची. अरबीत हे 'मदीनत अन्-नुहास'. नुहास म्हणजे खरे तर तांबे, पण इंग्रजीत त्याचे पितळ झाले. किस्सा असा: हजरत सुलेमान यांनी जिन्नांना ज्या बाटल्यांत कोंडले, त्या शोधायला उमय्यद खलिफा अब्दुल मलिक अमीर मूसा बिन नुसैर यांना पाठवतो. वाटेत लागते एक ओसाड शहर. आत दौलत तशीच पडलेली, माणसे सगळी मेलेली. सिंहासनावर मृत राणी, आणि शेजारच्या फलकावर लिहिलेले: हवे ते न्या, पण माझ्या अंगावरच्या दागिन्यांना हात लावू नका. तालिब बिन सहल हात लावतोच. पहाऱ्यावरचा पुतळा तलवारीने त्याचे मुंडके उडवतो.

आता पत्त्याचा नियम पाहा. हे शहर कोणत्याही रंगाची शक्ती देते, पण वापराल त्या प्रत्येक वेळी तुमच्या वीस प्राणांतला एक जातो. खेळ रचणाऱ्या रिचर्ड गारफिल्ड यांनी किस्सा नीट वाचला असावा. उर्दूत ज्याला 'इबरत' म्हणतात, ती त्यांनी दोन ओळींच्या नियमात आणली.

हे शहर खरे मानणारेही होते. चौदाव्या शतकात इब्न खल्दून यांनी 'मुकद्दिमा'त त्यांची हजेरी घेतली: जगातला धातू भांडीकुंडी आणि सामानापुरता, त्यातून अख्खे शहर कसे उभे राहील? इतिहास वाचताना आधी हिशेब करा, हे शिकवणारा असा गुरू आपल्या शाळांत फारसा भेटत नाही, याची मला खंत आहे.

त्याच संचात 'जिहाद' नावाचाही पत्ता होता. २०२० मध्ये कंपनीने आक्षेपार्ह म्हणून सात पत्ते अधिकृत स्पर्धांतून बाद केले, त्यांत 'जिहाद' होता आणि 'क्रूसेड'ही. दोन्ही एकत्र गेले, हे मला योग्य वाटले. पितळेचे शहर मात्र राहिले.