विवाहनोंद आणि विवाहाची वैधता

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ नुसार नोंद राहून गेली तरी विवाहाच्या वैधतेस बाध येत नाही. कलम ७ ने वैधतेचा आधार रूढीप्राप्त विधींवर ठेवला. या तत्त्वाची कठोर बाजू महाराष्ट्रातील लोखंडे खटल्यात (१९६५) दिसते. पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह झाला, असा आरोप होता. मात्र होम व सप्तपदी सिद्ध न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने द्विविवाहाची शिक्षा रद्द केली. विधींच्या अपूर्णतेचा लाभ येथे पतीला मिळाला, पहिल्या पत्नीला नव्हे! २००६ मध्ये त्याच न्यायालयाने नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले, तरी ती वैधतेचा निर्णायक पुरावा मानली नाही. २०२४ मध्ये तर विधींवाचून मिळवलेले प्रमाणपत्रच निरर्थक ठरले.