कच्चे घडे, पक्के खुरपे

शिर्डीत आज जिथे समाधी मंदिर उभे आहे, तिथे एकेकाळी फुलबाग होती. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त तिची हकिकत आहे. साईबाबांनी ती जागा साफ केली, शेजारच्या राहात्याहून झेंडू, जाई, जुईची रोपे आणून लावली आणि विहिरीचे पाणी खांद्यावरून वाहून घातले. त्यासाठी वामन तात्या नावाचे भक्त रोज दोन घडे देत. घडे कच्चे, न भाजलेले. संध्याकाळी बाबा ते निंबाखाली ठेवत आणि तिथेच ते फुटत. दुसऱ्या दिवशी नवे दोन. असे तीन वर्षे चालले आणि बाग फुलली.

भाविक याचा अर्थ आपापल्या परीने लावतात. मला त्यात अवजारांच्या इतिहासातली एक साधी गोष्ट दिसते. रोज फुटणाऱ्या भांड्यावरही बाग उभी राहते, पण ते रोज देणारा माणूस हवा. लोखंडी अवजाराचेही तसेच आहे. ते वर्षानुवर्षे टिकते, पण त्याच्यामागेही माणूस लागतो.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना एक गंमत लक्षात येते. 'बाग', 'बागवान', 'गुलाब' हे शब्द फारसीतून आले. अहमदनगरची निजामशाही फराहबाग त्याच काळाची खूण. अवजारांची नावे मात्र दोन्ही भाषांत इथल्याच मातीतली आहेत. मराठीत कुदळ, उर्दूत कुदाल. इथे खुरपे, तिथे खुरपा. फावडे आणि फावडा. कुऱ्हाड आणि कुल्हाडी. बागेला नाव दरबाराने दिले, पण ती खणणाऱ्याच्या हातातले नाव कोणी बदलले नाही.

ही अवजारे घडवणारा लोहार गावाचा बलुतेदार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा'त (१९१५) ही व्यवस्था बारकाईने मांडली आहे. शेतकऱ्याने सुगीला धान्य द्यायचे आणि लोहाराने वर्षभर फाळ शेवटून, विळ्या-खुरप्यांना धार लावून द्यायची. त्याच बलुतेदारीत मुलाणीही होता. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, अन्याय होता; तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण अवजार विकून लोहार मोकळा होत नसे. काम वाईट झाले तर तेच खुरपे पुन्हा त्याच्याच ऐरणीवर येई.

पुढे कारखान्याचे लोखंड आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराकडे शेतकरी आधी संशयाने पाहत. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि हळूहळू तो नांगर शेतात रुळला. खुरपे, विळा, कुदळ मात्र भात्याजवळच राहिली, कारण त्यांना पुन्हा पुन्हा भट्टीत जावे लागते.

चांगले अवजार ओळखण्याची रीतही तिथलीच आहे. पत्रा कापून केलेले खुरपे हलके आणि स्वस्त असते, पण कठीण जमिनीत वाकते. ठोकून घडवलेले पाते धारेकडे पातळ आणि मुठीकडे जाड असते. गाडीच्या जुन्या पाट्याचे पोलाद त्यासाठी उत्तम. पाणी देताना, म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवताना, कारागिराचा कस लागतो. जास्त कडक झाली तर धार तुटते, कमी पडली तर बोथटते. मुठीत शिरणारे टोक लांब असावे. कुदळीचे नेढे भरीव असावे, म्हणजे बाभळीचा दांडा मोडला तरी नवा बसवता येतो. काम झाल्यावर माती पुसून तेलाचा हात फिरवला की गंज लागत नाही.

कुरआनातल्या एका सूरेचे नावच 'हदीद', म्हणजे लोखंड. लोखंडात माणसांसाठी फायदे आहेत, असे तिथे सांगितले आहे. ते फायदे आपल्यापर्यंत कारागिराच्या हातून पोहोचतात, मग तो गावचा लोहार असो, मुसलमान कारागीर असो की रस्त्याकडेला भाता लावून बसलेले घिसाडी कुटुंब. त्या कुटुंबाशी आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो आणि दुकानातले पत्र्याचे खुरपे छापील किमतीला निमूट घेतो. ते वाकले की फेकतो, दुसरे आणतो. असेच चालले तर मुले भट्टीजवळ बसणार नाहीत. मग घरात उत्तम पोलादाची कुदळ असली तरी तिला धार लावून देणारा मिळणार नाही, आणि टिकाऊ या शब्दाला काही अर्थ उरणार नाही.