पिठात स्फोटक, काडेपेटीत कॅमेरा: युद्धातल्या जुगाडातून कशी उभी राहिली सीआयए?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडे परदेशात हेरगिरी करणारी एकच अशी मध्यवर्ती संस्था नव्हती. ती उणीव भरून काढायला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून 1942 मध्ये ओएसएस स्थापन केली. प्रमुख होते विल्यम डोनोव्हन. हेरांसाठी साधनं बनवायचं काम त्यांनी स्टॅनली लव्हेल या रसायनतज्ज्ञाकडे सोपवलं.

काय काय बनवलं?

- स्फोटक पीठ: दिसायला साधं पीठ, मळताही यायचं आणि भाजताही. चीनमध्ये जपानी चौक्यांसमोरून ते बिनबोभाट नेलं गेलं.
- स्फोटक कोळसा: ढिगात मिसळला की झालं. इंजिनाच्या भट्टीत पडला की धडाका!
- काडेपेटी कॅमेरा: कोडॅकने बनवलेला. वरून त्या-त्या देशातलं काडेपेटीचं लेबल चिकटवायचं.

सगळेच प्रयोग काही जमले नाहीत. लायटल अॅडम्स या दातांच्या डॉक्टरने वटवाघळांना छोटे आगबॉम्ब बांधून जपानवर सोडायची कल्पना मांडली. 1943 मध्ये लष्कराच्या चाचणीत वटवाघळं भलतीकडेच गेली आणि न्यू मेक्सिकोतला लष्कराचाच विमानतळ पेटला. पुढच्या वर्षी योजना गुंडाळली.

खरी ताकद कागदात

चर्चा अशा करामतींची होते, पण ओएसएसचा भक्कम विभाग होता संशोधनाचा. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्राचे प्राध्यापक शत्रूदेशातली वर्तमानपत्रं, नकाशे, रेल्वेची माहिती चाळून अहवाल लिहायचे. माहिती गोळा करून ती तपासायची ही पद्धत पुढेही टिकली.

ओएसएस ते सीआयए

अध्यक्ष ट्रुमन यांनी 1 ऑक्टोबर 1945 पासून ओएसएस बंद केली. पण शीतयुद्धाची चाहूल लागली आणि 1947 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने सीआयए जन्माला आली. ओएसएसमधली कितीतरी माणसं तिथे गेली.

सवयही सोबत आली

ओएसएसने 'सत्य बोलायला लावणारं' औषध शोधताना एका गुंडाला न सांगता गांजाचा अर्क घातलेल्या सिगारेटी ओढायला दिल्या होत्या. सीआयएने 1953 मध्ये 'एमके-अल्ट्रा' सुरू केलं, तेव्हा अनेकांना त्यांच्या नकळत एलएसडी दिलं गेलं. 1973 मध्ये बरीचशी कागदपत्रं नष्ट केली. 1975 च्या चौकशांत प्रकरण उघडं पडलं आणि नंतर गुप्तचरांवर संसदेच्या कायमच्या समित्या नेमल्या गेल्या.

युद्धात 'चालतंय' म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींना लगाम घालायला अमेरिकेला 30 वर्षं लागली.